खोटा काटा

३ मार्च, सोमवार

ही वही गाडीची आहे. पुढून किलोमीटर, तेल, हवा, पाणी लिहायचं, असा मावशीचा हुकूम. ते मी लिहितो. पण वही दोनशे पानी आहे, मग मागची पानं काय कोरीच मरणार? म्हणून वही उलटी केली आणि मागून सुरुवात केली. इथून पुढे माझं खासगी. कोणी वाचलं तर त्याच्या विजारीला खळ.

खळीवरून आठवलं. ही वही मला शिक्षा म्हणून मिळालीय. मावशी-काकांची लॉण्ड्री आहे, आणि आईने मला इथे सुधारायला पाठवलंय. दहावीला दोनदा बसलो, तिसऱ्यांदा बाकच नको म्हणाला. गेल्या आठवड्यात मी काकांच्या सदरा-विजारीला नेहमीच्या दुप्पट खळ पाजली. वाळल्यावर दोन्ही कपडे एकमेकांवर टेकवले तर काका नसतानाही काका उभे! वर त्यांची टोपी ठेवली आणि बॉयलरकडे तोंड करून उभं करून ठेवलं.

मावशी आली. लांबूनच म्हणाली, "अहो, दवाखान्याच्या चादरी झाल्या का?" सदरा-विजार गप्प. मावशी म्हणाली, "हो का? बरं बरं," आणि गेली!

मी गठ्ठ्यावर लोळून हसलो. मग खरे काका आले, त्यांनी स्वतःला पाहिलं, आणि मला वही मिळाली. "भामट्या, दिवसभरात काय करतोस ते लिहीत जा. म्हणजे तुला तरी कळेल."

४ मार्च, मंगळवार

गाडीबद्दल लिहितो, नाहीतर उद्या मीच विसरायचो. एकोणीस वर्षांची व्हॅन. पांढरी. मावशी चालवते, मी डावीकडे बसतो आणि गठ्ठे उचलतो. सकाळी साडेपाचला निघायचं, तीन हॉटेलं, मग टेकडीवरचा दवाखाना. तिथे सातच्या आत धुतलेल्या चादरी पोचल्या पाहिजेत, नाहीतर मेट्रनबाई मावशीला असं बघतात की इस्त्रीची गरज उरत नाही.

गाडी कंपनीतून आली तशीच आहे. मावशीला याचा भारी अभिमान. सीटकव्हर नाही, चाकांना चकचकीत टोप्या नाहीत, आरशाला लटकणारं माकड नाही. "बाहेरचा एक स्क्रू नाही हिच्या अंगावर," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. डॅशबोर्डवर वेगाचा काटा, पेट्रोलचा काटा आणि एका ओळीत चार दिवे. एंजिन तापलं की लाल दिवा लागतो. एकोणीस वर्षांत तो म्हणे एकदाही लागला नाही. नुसता बसून पगार खातो.

का लागत नाही? कारण मावशीला गाडी ऐकू येते. पूर्वी म्हणे ती घरात पोळ्या लाटताना बाहेर काकांनी गाडी चालू केली, तर पोळी न सोडता ओरडायची, "तिसरा प्लग!" आणि तिसराच प्लग असायचा.

६ मार्च, गुरुवार

आज मावशीला पकडलं.

हल्ली रोज सकाळी गाडी सुरू केली की ती माझी परीक्षा घेते. "काय म्हणतेय गाडी?" मी काहीतरी ठोकून देतो. "खूश आहे." "पोटात गॅस झालाय." आज विचार केला, बघू या मास्तरीणबाईंनाच किती येतं. म्हटलं, "मागच्या डाव्या चाकात किर्र किर्र येतंय."

काही येत नव्हतं. गाडी सुतासारखी चालली होती.

मावशीने मान तिरकी केली आणि म्हणाली, "हो. मलाही कालपासून येतंय."

मला हसू आवरेना. तिने खरंच गाडी बाजूला घेतली, जॅक लावला, चाक काढलं, पुसलं, बसवलं. मी पाना धरून उभा, गाल चावत. निघताना म्हणते, "आता?" मी म्हटलं, "आता गेलं." "गेलं ना," ती म्हणाली आणि कपाळ पुसलं. दमली होती बिचारी.

एवढी मोठी कानसेन, पण 'मला नाही ऐकू आलं' म्हणायला जीभ रेटत नाही! मोठ्या माणसांचं असंच.

९ मार्च, रविवार

सुट्टी. घरात महायुद्ध.

मी जेवताना सहज बोललो, गाडीला वरून दोन-तीन गोल मीटर लावू या. तापमानाचा एक, ऑइलच्या दाबाचा एक, बॅटरीचा एक. शर्यतीच्या गाड्यांना असतात तसे. खरं सांगायचं तर मला ते फक्त दिसायला हवे होते. पण काका एकदम ताठ झाले, खळ न घालता.

"बरोबर बोलतोय पोरगा! लावून टाकू!"

माझ्या आयुष्यात काका मला 'बरोबर' म्हणाल्याची ही पहिली नोंद.

मावशी म्हणाली, "काय लावून टाकू?"

काका तिच्या समोर जाऊन बसले आणि सावकाश म्हणाले, "मीटर. गाडीला."

"कशाला? ज्यांनी गाडी बनवली ते काय येडे होते? त्यांना लागला असता तर त्यांनी नसता दिला?"

"त्यांनी दिवा दिलाय. दिवा म्हणजे चोर गेल्यावर भुंकणारं कुत्रं. माझ्या बॉयलरला काटा नसता ना, तर आपण तिघं आत्ता छपरावर वाळत असतो."

"बॉयलरला तोंड नाही म्हणून काटा लागतो. माझी गाडी बोलते."

"बोलते गं," काका म्हणाले. मग काहीतरी बोलणार होते, पण आमटीत बघत बसले.

मी मध्ये पडलो. "मावशी, जमाना बदलला. लोक गाडीत काय काय लावतात!"

"लावू देत. मी कंपनीतून आले तशी आहे, गाडीही तशीच राहील. बाहेरचं काही नको. ना तिला, ना मला."

मावशीला कोण काय लावायला निघालं होतं, देव जाणे.

एक गंमत. काका मावशीला हाक मारत नाहीत. ती पाठमोरी असली की खोलीतला दिवा दोनदा चालू-बंद करतात, मग ती वळते. म्हणे बॉयलरच्या घरघरीत राहून सवय लागलीय. लग्नाला तेवीस वर्षं झाली आणि हाक मारायला घाबरतात! मी लग्न केलं तर बायकोला नावाने हाक मारीन. कदाचित.

१० मार्च, सोमवार

टेकडीच्या पायथ्याशी वर्कशॉप आहे. मिस्त्री एंजिन बघतात, त्यांची मुलगी वायरिंग. तिला सगळे फ्यूज म्हणतात. पटकन उडते म्हणून. वायर दाताने सोलते. मला ती वर्कशॉपच्या बाबतीत फार माहितगार वाटते, म्हणून मी अधूनमधून माहिती घ्यायला जातो.

आज विचारलं, बाहेरचे मीटर लावावे की नाही? बापलेकीत दोन पक्ष.

मिस्त्री म्हणाले, "जितके जोड तितक्या खोडी. चांगल्या वायरिंगला मध्येच चिमटा लावायचा, मग तीच जागा तापणार, तिथेच पाणी शिरणार. आणि लोक काट्याकडे बघत बसतात, रस्ता राहतो बाजूला. काटा एक रेघ हलला की पळत इकडे. निम्मी गिऱ्हाइकं मला काट्यांनी दिलीत, बिघाडांनी नाही."

फ्यूज म्हणाली, "बाबा, तुमचा कान आहे म्हणून तुम्हाला चालतं. ज्याला कान नाही त्याने काय करायचं?"

"कान नाही तर गाडी चालवू नये."

"मग डोळे कमी तर चश्मा लावू नये?"

मिस्त्री पाना शोधायला गेले. पाना त्यांच्या हातात होता.

मी दोघांनाही 'बरोबर' म्हटलं. खरं म्हणजे माझं लक्ष नव्हतं. तिच्या नाकाला ग्रीस लागलं होतं.

१३ मार्च, गुरुवार

डोक्यात किडा वळवळला. मावशी खरा मीटर लावू देत नाही ना? मग खोटा लावू!

काकांच्या जुन्या बॉयलरचा बाद झालेला काटा अडगळीत होता. आतलं काढून टाकलं. पांढऱ्या कागदावर गोल आखून लिहिलं: थंड, ठीक, गरम. काट्याला सायकलच्या ब्रेकची तार बांधली. तार डॅशबोर्डखालून माझ्या सीटपाशी, टोकाला बाटलीचं बूच. बूच ओढलं की काटा वर, सोडलं की खाली. चिकटपट्टीवर बसवायचा, म्हणजे गाडीला भोकही नाही.

मागून उजेड हवा, तरच खरा वाटेल. छोटा बल्ब सापडेना. मग आठवलं, तो लाल दिवा! एकोणीस वर्षं नुसता बसलाय. काढला त्याचा बल्ब आणि लावला कामाला.

मी शाळेत असा असतो तर आज कुठल्या कुठे असतो.

१५ मार्च, शनिवार

लावला. सकाळी मावशी गाडीत बसली आणि बघतच राहिली.

"काय आहे हे?"

"तापमानाचा काटा. भोक नाही पाडलं. वायर नाही कापली. तुला नको वाटला तर ओढून फेकून दे."

मला वाटलं आता थप्पड. तिने चश्मा वर केला, काट्यासमोर तोंड नेलं, हात मागे घालून चाचपलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. डोळे जरा कसेतरी झाले होते तिचे. साबणाच्या भुकटीमुळे असेल.

"राहू दे," म्हणाली. "चांगला आहे."

फसली! मावशी फसली!

आणि दिवसभरात एकदाही परीक्षा नाही. 'काय म्हणतेय गाडी' बंद. नुसती काट्याकडे बघते.

१८ मार्च, मंगळवार

योगायोग बघा. काटा दर वेळी वर्कशॉपसमोरच चढतो.

दवाखान्यातून परत येताना मी बूच ओढलं. काटा 'गरम'कडे. मावशीने लगेच गाडी आत घेतली. फ्यूजने बॉनेट उघडलं, हात लावला, म्हणाली, "काही नाही, छान आहे." मावशी म्हणाली, "नीट बघ गं. याला… काट्याला उगाच नाही वाटणार." मिस्त्रींनी चहा मागवला. फ्यूज माझ्याशी अकरा वाक्यं बोलली. त्यातली चार 'बाजूला सरक' होती, पण मोजली मी.

२१ मार्च, शुक्रवार

आज बेकरीसमोर चढवला. मावशीने गाडी थांबवली, मी उतरून पाव आणला, काटा आपोआप थंड.

मावशी काट्यावर एवढा विश्वास ठेवते की आता मलाच लाज वाटायला लागलीय. फार नाही, चिमूटभर.

हल्ली ती विषय टाळण्यात अगदी पटाईत झालीय. मी तिच्या बाजूच्या खिडकीतून म्हटलं, "मावशी, टायरमध्ये हवा कमी आहे." म्हणाली, "हो, आज हवा छान आहे." हॉटेलवाल्याचा फोन आला तर फोन माझ्या हातात कोंबला, "तूच बोल, मला कंटाळा आलाय." आणि रेडिओ एवढा मोठा लावते की पुढच्या गाडीतले लोक गाण्यावर माना डोलवतात.

२२ मार्च, शनिवार

फ्यूजने पकडलं. मावशी मिस्त्रींशी बोलत होती तेव्हा ही माझ्या सीटखाली वाकली आणि बूच हातात धरून वर आली. मी म्हटलं, "ते… ते सोड्याचं आहे."

तिने बूच ओढलं. काटा वर. सोडलं. काटा खाली. पुन्हा ओढलं. हसू दाबत होती. मग एकदम हसू गेलं.

"मावशींना माहितीय?"

"माहीत असतं तर गंमत काय?"

"त्या याच्याकडे बघून गाडी चालवतात का?"

"बघतात की."

"मग उद्या काढ. काढून टाक हा."

"सोमवारी."

"उद्या."

"उद्या रविवार आहे, गाडी बंद असते," मी म्हटलं. मी हजरजबाबी आहे, यात वाद नाही.

२४ मार्च, सोमवार

काढला नाही. काढायला हात घातला तेवढ्यात मावशी म्हणाली, "हा आल्यापासून मला जरा निवांत वाटतं रे." आता एवढं ऐकल्यावर कोण काढणार? शिवाय काढला तर वर्कशॉपला थांबायचं कसं?

बघू.

२७ मार्च, गुरुवार

आज जे झालं ते लिहितो.

सकाळी गाडी सुरू केली तेव्हाच मला बॉनेटमधून बारीक फुस्स असा आवाज आला होता. पिन टोचलेल्या फुग्यासारखा. मला वाटलं, मावशीला आलाच असेल, तिला सांगून मी काय शहाणा ठरणार? गप्प बसलो. हॉटेलं झाली. टेकडीचा चढ लागला. मी पहाटेचा उठलेला, मागच्या गठ्ठ्याला मान टेकली आणि डोळा लागला. काटा 'ठीक'वर.

जाग आली ती मावशीच्या ओरडण्याने. समोर काही दिसेना. नुसती वाफ. मला वाटलं मी बॉयलरपाशीच झोपलोय. गाडी दोन हिसके देऊन चढावरच थांबली. आणि माझा काटा, मागे छान उजेड, शांत उभा. ठीक.

पाण्याचा पाइप चिरला होता. सगळं पाणी वाटेत सांडलं, आणि एंजिन कोरडंच चढत राहिलं. लाल दिवा लागला असता. त्याने एकोणीस वर्षं याच दिवसासाठी पगार खाल्ला होता. पण त्याचा बल्ब मी काढला होता.

मावशी स्टिअरिंग धरून काट्याकडे बघत होती. रागावली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

मग वरून दवाखान्याचे दोन वॉर्डबॉय दोन स्ट्रेचर घेऊन पळत आले. कुणीतरी सांगितलं होतं, खाली गाडी पेटली, दोन माणसं गेली. आम्हाला धड बघून त्यांचा जरा हिरमोड झाला. मी म्हटलं, "आलाच आहात तर हे घ्या," आणि स्ट्रेचरवर चादरींचे गठ्ठे ठेवले. चार फेऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीत मेट्रनबाई दारात उभ्या. स्ट्रेचरवरचा पांढरा गठ्ठा बघून त्यांनी आधी हात जोडले. मग घड्याळ पाहिलं. सात चाळीस.

हे मी काकांना हसवायला सांगितलं. काका हसले नाहीत. मावशीकडे बघत होते.

२८ मार्च, शुक्रवार

गाडी वर्कशॉपमध्ये. एंजिनचं हेड उघडलंय. मिस्त्री म्हणाले, "गॅस्केट गेलं, हेड वाचलं. अजून शंभर पावलं चालली असती तर हिला भंगारातच नेलं असतं."

दवाखान्याचा निरोप आला. पुन्हा उशीर झाला तर चादरी दुसरीकडे देऊ. आणि 'ड्रायव्हर बदलता आला तर बघा'.

मावशी कपडे वाळत घालत होती. मी मागून हाक मारली. एकदा, दोनदा, तीनदा. वळली नाही. आत जाऊन दिवा चालू-बंद करावा असं वाटलं. मग एकदम उमगलं. जिन्यात एक पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं.

पुढे जाऊन तिच्यासमोर उभा राहिलो.

"तुला ऐकू येत नाही?"

तिने चिमटा दोरीला लावला. "येतं. थोडं. डावीकडून बरं येतं. बायका बोलतात तर शब्द चिखलासारखे येतात. गाडीचं तर दोन वर्षांपासून काही येत नाही."

"मग मला रोज विचारायचीस ते?"

"मग कोणाला विचारू? काकांना सांगितलं असतं, तर म्हणाले असते गाडी सोड. लोकांना कळलं असतं तर दवाखाना गेला असता." मग माझ्या गालाला ओल्या हाताने थापटलं. "आणि तू गुणी निघालास. मला वाटलं नव्हतं. तो काटा बसवलास ना, पहिल्याच दिवशी माझ्या हाताला तार लागली."

मी दोरीवरचा चिमटा काढून पुन्हा लावला.

"म्हटलं, कार्टं मोठं झालं. याला कळलं की मावशीला ऐकू येत नाही. पण तोंडाने बोलून मला उघडं पाडत नाही. स्वतः ऐकतो आणि गुपचूप काट्याने सांगतो. वर्कशॉपसमोर चढवायचास, फ्यूजला काही सापडायचं नाही, पण मी म्हणायचे, याचे कान तिखट आहेत, याला काहीतरी आलं असणार. बेकरीसमोरसुद्धा." हसली. "काल झोपलास. पोर आहेस, झोपायचासच. माझंच चुकलं, मी सगळं तुझ्यावर टाकलं."

मी म्हणालो, "हो. डुलकी लागली."

आयुष्यात इतक्यांदा खोटं बोललो, पण इतकं जड एकही नव्हतं.

३० मार्च, रविवार

फ्यूजला रिकामी खाच सापडली. लाल दिव्याचा. तिने हात पुढे केला. मी खोट्या काट्यामागून काढून ठेवलेला बल्ब खिशातून दिला.

"मावशींना सांगितलंस?"

"नाही."

"मग मी तुझ्याशी बोलत नाही," म्हणाली, आणि खरंच बोलली नाही. 'बाजूला सरक'सुद्धा नाही. खुणेने सरकवलं.

पण सांगू कसं? मावशीला काल काकांनी समोर बसवून विचारलं, तिने सगळं सांगितलं. काका म्हणाले, "मला काय माहीत नव्हतं? दिवे काय उगाच घालवत होतो?" मग दोघं एकमेकांकडे बघून इतके हसले, की मी माझी लाज घेऊन बाहेर गेलो. आता तिने सांगितलेली त्या काट्याची गोष्ट घरभर फिरतेय. काका मला 'भामट्या' म्हणत नाहीत. 'अरे बाळा' म्हणतात. त्याने जास्त टोचतं.

३ एप्रिल, गुरुवार

मावशीने स्वतः सांगितलं, "खरे मीटर लाव."

दोन लावले. तापमानाचा आणि ऑइलचा. बॅटरीचा नको म्हणाली, नवरीसारखी नटवायची नाही. मिस्त्रींनी अट घातली, चालू वायरिंगला चिमटा नाही, फ्यूजपेटीतून वेगळी वायर. मावशीने अट घातली, डॅशबोर्डला भोक नाही. फ्यूजने डॅशबोर्डखाली पट्टी वाकवून त्यावर दोन्ही बसवले, आणि 'गरम'च्या जागी नखाएवढी लाल रेघ ओढली. शिवाय एक भोंगा, पाणी तापलं की कोंबड्यासारखा कोकलतो. तो मावशीला ऐकू आला. आम्हा सगळ्यांना तर दोन दिवस ऐकू येईल.

लाल दिव्यात बल्ब परत.

मी माझा खोटा काटा काढायला गेलो. मावशीने हातावर चापट मारली.

"तो राहू दे. पाणी तापलं ते हा सांगेल, तेल कमी झालं ते तो सांगेल. मागून रुग्णवाहिका येतेय ते कोण सांगेल? कोणी हॉर्न मारतंय ते? तो काटा तुझा. झोपायचं मात्र नाही."

आणि हे काकांकडे बघून: "उद्या कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. गाडीने बाहेरचं लावून घेतलं, आता मी एकटीच कंपनीची राहून काय करू? आणि कानाचं यंत्र येईपर्यंत चढावर तुम्ही बसा स्टिअरिंगला."

५ एप्रिल, शनिवार

सांगायचंच असं ठरवून गाडीत बसलो. मागून रुग्णवाहिका आली. बूच ओढलं. मावशीने आरशात न बघताच गाडी बाजूला घेतली आणि ती सुसाट पुढे गेली. मावशी म्हणाली, "शाब्बास." मग कसलं सांगतोय.

एक विचित्र. ही वही मी डॅशबोर्डच्या कप्प्यात कायम उलटी ठेवतो, मागची पानं वर. आज सुलटी होती. काकांनी तेल लिहायला घेतली असेल. पण पुढे तेलाची नोंद नाही.

७ एप्रिल, सोमवार

सकाळी उठलो तर माझी विजार कोपऱ्यात स्वतःच्या पायांवर उभी! वर सदरा, वर माझी टोपी, आणि सदऱ्याच्या बाहीत खोचलेलं बाटलीचं बूच. घातली तर चालता येईना, करकोच्यासारखा दवाखान्यात गेलो. मेट्रनबाईसुद्धा हसल्या.

हे काकांचंच काम. जुना हिशेब चुकता केला म्हातारबाने. पण बूच का, ते कळलं नाही.

मावशी दिवसभर माझ्याशी नेहमीपेक्षा गोड. दोनदा डोक्यावरून हात फिरवला. एकदा मात्र मान इतक्या जोरात पिरगाळली की अजून दुखतेय. विचारलं, "हे कशासाठी?" म्हणाली, "हे बाकी होतं."

१२ एप्रिल, शनिवार

मावशीला यंत्र मिळालं. कानामागे, वाटाण्याएवढं. आज पहिल्यांदा ते लावून गाडी चालवली. चढावरही तीच. गाडी सुरू करून पाच मिनिटं नुसती बसली. वायपर लावले, बंद केले. दार उघडलं, लावलं. ब्लिंकर लावून टिकटिक ऐकत राहिली. मग एंजिन ऐकलं, आणि हातावर हात ठेवून बसली. मी बाहेर बघितलं. कधी कधी बाहेर बघायचं असतं.

चढ लागला. दोन्ही खरे काटे मधोमध. मी ठरवलं होतं, आज काहीही होऊ दे. छाती भरून ओरडलो, "मावशी! तो काटा मी तुझ्यासाठी नव्हता…"

"ओरडतोस कशाला? आता ऐकू येतं," ती म्हणाली. "थांब. गप्प बस. काहीतरी वाजतंय."

मी कान टवकारले.

"किर्र," ती म्हणाली. "किर्र किर्र. येतंय का तुला?"

येत होतं. माझ्या गुडघ्याजवळून. खोट्या काट्याची ती ब्रेकची तार, गंजलेली, गाडी हलली की घासत होती.

मावशी समोर रस्त्याकडे बघत होती, चेहरा एकदम मास्तरीणबाईसारखा. "हेच ना रे तुझं ते मागच्या डाव्या चाकातलं? त्या दिवशी चाक काढून पुसलं मी, तरी सापडलं नव्हतं बघ."

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांना मीटर नाही हे बरं.

"हो," मी म्हटलं. "हेच ते."

"मग तेल दे त्याला."

आणि हसायला लागली. अशी हसली, की यंत्र शिट्टी मारायला लागलं. नवीन यंत्राचा आनंद असणार.

घरी आल्यावर तेलाची बुधली घेतली, तारेला दिलं. मग वही सुलटी केली आणि पुढच्या पानावर लिहिलं, कारण ती नोंद गाडीचीच आहे:

तेल: एक थेंब. खोट्या काट्याला. आवाज गेला. दोघांनी ऐकून खात्री केली.